खड्ड्यात आदळलेलं चाक: अलाइनमेंट सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. चौथ्या वर्षात असलेली हॅचबॅक, १६ इंची अलॉय, टायर १९५/५५ आर१६. रात्री पावसात मुंबईच्या जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचं डावं चाक जोरात आदळलं. पंक्चरवाल्याने हवा भरून दिली, दुसऱ्या दिवशी बॅलन्सिंग (चाकाच्या वजनाची समान वाटणी) आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घेतली. तरीही ताशी ८० च्या पुढे स्टीअरिंग थरथरतं आणि चार दिवसांत त्या चाकाची हवा ५-६ पीएसआयने उतरते. रिमचा बेंड काढून चालेल का, नवी घ्यावी का, की दोष टायरचाच आहे?

तुमच्याकडे काम उलट्या क्रमाने झालं आहे. मुंबईत बहुतेकांचं हेच होतं, कारण अलाइनमेंटची दुकानं नाक्यानाक्यावर आहेत आणि टायर उतरवून आतून बघायला कोणाला वेळ नसतो. खरा क्रम असा: आधी टायर, मग रिम, मग सस्पेन्शन, त्यानंतर बॅलन्सिंग आणि सर्वांत शेवटी अलाइनमेंट. वाकड्या रिमवर किंवा वाकलेल्या लोअर आर्मवर (चाकाला खालून गाडीशी जोडणारा भाग) केलेली अलाइनमेंट म्हणजे भिंत कललेली असताना फोटोची चौकट सरळ करणं. ते पैसे पुन्हा भरावे लागणार आहेत.

थरथर आणि उतरणारी हवा ही दोन लक्षणं एकाच चाकात आली की बहुतेक वेळा रिमची आतली कड वाकलेली असते. बाहेरून चाक अगदी धड दिसतं, कारण बाहेरच्या बाजूला स्पोक कडेला आधार देतात. आतल्या बाजूला मात्र नुसता गोल पट्टा असतो, मागून आधार काही नाही, त्यामुळे मार बसला की तीच बाजू आधी दबते. तुम्ही चाक बाहेरून पाहिलं असेल, ओरखडाही नाही म्हणून निश्चिंत झाला असाल. तसं राहू नका. चाक तपासून होईपर्यंत आजच स्टेपनी चढवा. ती जमत नसेल तर ताशी ५० च्या वर जाऊ नका आणि फ्रीवे, हायवे टाळा.

आता टायर. खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्यामध्ये टायरची भिंत अडकित्त्यात सुपारी सापडावी तशी सापडते. रबर लवचीक असतं, ते दबून पुन्हा जागेवर येतं. आतले पॉलिएस्टरचे धागे तेवढे ताणले जात नाहीत, ते तुटतात. जिथे धागे तुटले तिथे हवेचा दाब पेलायला फक्त रबर उरतं आणि भिंतीला फुगा येतो. हा फुगा त्याच रात्री दिसेलच असं नाही. कधी आठवड्याने येतो, कधी एखाद्या लांबच्या प्रवासात टायर तापल्यावर. आणि तो आतल्या भिंतीवर, म्हणजे शॉकअपच्या बाजूला आला तर गाडी उभी असताना कधीच दिसत नाही. स्टीअरिंग पूर्ण वळवून मोबाइलचा टॉर्च आत धरा, किंवा मोबाइल चाकामागे सरकवून व्हिडिओ काढा. गाडी दोन-तीन वेळा फूटभर पुढे घेऊन प्रत्येक वेळी तसंच करा, म्हणजे पूर्ण घेर बघून होतो.

एक फरक लक्षात ठेवा. भिंतीवर आत गेलेली उभी, खोलगट रेघ दिसली तर घाबरू नका. टायर बनवताना धाग्यांच्या थराची दोन टोकं जिथे एकमेकांवर येतात तिथे अशी रेघ दिसते, ती नेहमीची आहे. बाहेर आलेला उंचवटा, मग तो बोराएवढा का असेना, म्हणजे टायर संपला. त्याला दुरुस्ती नाही. आतून गेटर (जाड रबरी ठिगळ) लावून देतो, ट्यूब टाकून देतो, असं काही ठिकाणी सांगतात. गेटर तुटलेले धागे जोडत नाही आणि ट्यूबने फक्त हवा धरली जाते, भिंत तितकीच कमकुवत राहते. भर वेगात तीच फुटते. ट्यूबलेस टायरची दुरुस्ती फक्त नक्षीच्या पट्ट्यात होते आणि तीही ६ मिलिमीटरपर्यंतच्या भोकाची. भिंतीची होत नाही.

फुगा नसला तरी तुमच्या बाबतीत टायर एकदा उतरवायलाच हवा, कारण हवा कमी असताना तो चालवला गेला असण्याची शक्यता आहे. उतरवल्यावर आतून हात फिरवा. पेन्सिलीची पूड सांडल्यासारखी काळी भुकटी हाताला लागली, किंवा भिंतीच्या आतल्या बाजूला गोलाकार घासलेला, सुरकुतलेला पट्टा दिसला, तर टायर हवेशिवाय चालून आतून कुटला गेला आहे. तो बाद. पंक्चर झाल्यावर ‘पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ’ म्हणून शून्य हवेवर दोन किलोमीटर नेलेल्या टायरचं हेच होतं. खड्ड्याने जे केलं नसतं ते त्या दोन किलोमीटरने होतं. उतरवताना दुकानदाराला आधीच विचारा की तुमच्या चाकात व्हॉल्व्हला जोडलेला, हवेचा दाब कळवणारा टीपीएमएस सेन्सर आहे का. मशीनचं पातं चुकीच्या ठिकाणी टेकलं की तो मोडतो.

टायर घ्यायचा झाल्यास एक घ्यावा की जोडी? दुसऱ्या पुढच्या टायरची नक्षी नव्यापेक्षा दोन-अडीच मिलिमीटरहून जास्त झिजलेली नसेल तर त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा एक टायर पुरतो. त्याहून जास्त झिजला असेल तर जोडी घ्या आणि नवी जोडी मागे बसवा, गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह असली तरी. ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी घसरली तर गाडी सावरणं सामान्य चालकाच्या हाताबाहेर जातं, पुढची घसरली तर निदान वेग कमी करून सावरता येतं. टायर घेताना भिंतीवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा.

रिमकडे येऊ. हवा नेमकी कुठून जाते हे अंदाजाने ठरवू नका. पंक्चरच्या दुकानात पाण्याची टाकी असते, त्यात पूर्ण चाक ३५-४० पीएसआय हवा भरून बुडवायला सांगा आणि हळूहळू फिरवून बघा. घाई करू नका, चार दिवसांत ५-६ पीएसआय म्हणजे गळती बारीक आहे, बुडबुडा सुटायला अर्धा मिनिट लागू शकतो. बुडबुडे टायर आणि रिमच्या सांध्यातून, तेही घेराच्या एकाच भागातून येत असतील तर तिथे कड वाकली आहे. संपूर्ण घेरातून अधूनमधून येत असतील तर तो गंज आहे. समुद्राची हवा आणि पावसाळ्याचं पाणी यामुळे अलॉयवर टायर बसतो त्या जागेवर पांढरी पापडी धरते. तिथे तारेच्या ब्रशने घासून बीड सीलर (टायर आणि रिमचा सांधा बुजवणारा लेप) लावलं की काम होतं. वाकलेल्या कडेवर तेच सीलर थापलं तर हवा महिनाभर टिकेल, थरथर तशीच राहील आणि तडा असेल तर तो झाकला जाईल. तिसरी शक्यता: बुडबुडे रिमच्या अंगातूनच येणं. म्हणजे तडा.

थरथरीचं कारण समजून घेणं गरजेचं आहे, कारण ‘मशीनवर शून्य दाखवलं होतं’ हे उत्तर तुम्हाला ऐकवलं जाईल. बॅलन्सिंग मशीन वजनाची वाटणी बघतं. चाक गोल आहे की नाही हे साधं मशीन सांगत नाही. वाकड्या चाकालाही वजनं चिकटवून शून्य आणता येतं. गाडीखाली गेल्यावर मात्र ते चाक प्रत्येक फेरीत एकदा वर-खाली उचलतं किंवा डावी-उजवीकडे डुलतं. तुमच्या मापाच्या टायरचा घेर १.९५ मीटरच्या आसपास आहे. ताशी ८० ला ते सेकंदाला ११ वेळा फिरतं. चाक, ब्रेक आणि हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) मिळून जे धूड सस्पेन्शनला लटकलेलं असतं त्याची स्वतःची हलण्याची लय साधारण १० ते १५ वेळा प्रतिसेकंद असते. दोन्ही लयी जुळल्या की स्टीअरिंग नाचतं. म्हणूनच ६० ला काही जाणवत नाही आणि ८० ते १०० मध्ये हात झिणझिणतात. थरथर स्टीअरिंगमध्ये असेल तर पुढचं चाक बघा, सीटमध्ये आणि बुडाखाली असेल तर मागचं. बॅलन्सिंगच्या वेळी त्या चाकाला एकूण किती ग्रॅम वजन लागलं हेही विचारा. आधी १५-२० ग्रॅमवर भागायचं आणि आता ६०-७० लागले, तर ती रिमने दिलेली खूण आहे.

चाक किती आउट आहे, म्हणजे फिरताना किती डोलतं, हे घरच्या घरी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये बघता येतं. जमीन सपाट हवी. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा लावा, फक्त ते एक पुढचं चाक जॅकवर जमिनीपासून दोन बोटं उचला आणि गिअर न्यूट्रल करा. जॅकवरच्या गाडीखाली कधीही हात-पाय घालू नका. आता चाकाशेजारी दोन-तीन विटा रचून त्यांवर एक पेन्सिल अशी टेकवा की तिचं टोक रिमच्या बाहेरच्या कडेपासून एक मिलिमीटरवर राहील. एटीएम कार्ड मधोमध जेमतेम सरकेल एवढी फट. चाक हाताने हळू फिरवा आणि फक्त त्या फटीकडे बघा. फट एकसारखी राहिली तर बाहेरची कड सरळ. एका जागी पेन्सिलला घासली आणि समोरच्या बाजूला फट दुप्पट झाली तर रिम आउट आहे. टायरच्या नक्षीवरही तसंच करून बघा, कारण रिम सरळ असून टायर आतून तुटल्यामुळे लंबगोल झालेला असू शकतो. आतल्या कडेसाठी ही युक्ती पुरत नाही, तिथे टायर उतरवून रिम मशीनवर चढवावी लागते आणि डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं माप) लावावा लागतो. बहुतेक कंपन्यांची अलॉयची मर्यादा एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. डोळ्यांना डोलताना दिसतं ते चाक मर्यादेच्या कितीतरी बाहेर गेलेलं असतं.

बेंड काढावा की नाही? लोखंडी रिम असती तर निर्णय सोपा होता: कड वाकली तर ठोकून सरळ होते, मधली बैठक किंवा नटांची भोकं वाकली तर भंगार, आणि नवी रिमही अलॉयच्या मानाने स्वस्त. अलॉयचं तसं नाही. ओतीव ॲल्युमिनियम ठिसूळ असतं. शिवाय त्याची ताकद भट्टीत आणलेली असते: चाक ओतल्यावर ५४० अंशांच्या आसपास तापवतात, पाण्यात विझवतात आणि मग १५०-१६० अंशांवर काही तास ठेवतात. बेंड काढताना गॅसच्या ज्योतीने तोच भाग मनमानी तापवला तर ही ताकद तिथल्या तिथे उतरते. लोखंड तापलं की लाल होतं, कारागिराला रंगावरून अंदाज येतो. ॲल्युमिनियम लाल होतच नाही. वितळायला आलं तरी दिसायला जसंच्या तसं. म्हणून तापमान मोजायची काडी किंवा इन्फ्रारेड थर्मामीटर न वापरता नुसती ज्योत मारणाऱ्याकडे चाक देऊ नका. हातोड्याने अलॉय ठोकणाऱ्याकडे तर अजिबात नको.

माझं मत स्पष्ट आहे. बेंड फक्त आतल्या कडेला असेल, काही मिलिमीटरचा असेल, तडा नसेल आणि त्या जागी पूर्वी काम झालेलं नसेल, तर हायड्रॉलिक प्रेसवर, डायल गेज लावून बेंड काढून घ्यायला हरकत नाही. तेही एकदाच. त्याच जागी दुसऱ्यांदा वाकली तर नवी घ्या. बेंड स्पोकच्या मुळाशी पोचला असेल, हबची बैठक किंवा नटांची भोकं यांच्याजवळ काही दिसत असेल, तर दुरुस्तीचा विचारच सोडा. तडा वेल्डिंगने भरून देणारे बरेच आहेत. आर्गन वेल्डिंग दिसायला सुबक होतं, पण वेल्डच्या शेजारची पट्टी मऊ पडते आणि पुढचा तडा तिथूनच निघतो. पुढच्या चाकावर, चार माणसं घेऊन जाणाऱ्या गाडीत, वेल्ड केलेली रिम मी मंजूर करणार नाही.

तडा आहे की नाही हे शोधायची एक जुनी, बिनखर्चाची आणि भरवशाची पद्धत आहे. टायर उतरवलेली रिम थिनरने पुसून कोरडी करा. संशयाच्या जागी बाहेरच्या बाजूला पांढरा खडू घासून जाड थर द्या. आतल्या बाजूने तिथेच रॉकेल ब्रशने लावा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. आरपार तडा असेल तर खडूवर केसासारखी ओली, करडी रेघ उमटते. रॉकेल मिळत नसेल तर डिझेलने होतं, थोडा वेळ जास्त द्या. आरपार न गेलेला, वरवरचा तडा यात सापडत नाही. त्यासाठी लाल रंगाचं डाय पेनिट्रंट आणि पांढरं डेव्हलपर यांचे स्प्रे मिळतात. ही तपासणी बेंड काढण्याआधी एकदा आणि काढल्यानंतर पुन्हा एकदा करायला लावा. दुसरी वेळ जास्त महत्त्वाची, कारण वाकलेला धातू परत वळवतानाच तो फाटतो, आणि वर लगेच रंग मारला की काही दिसत नाही.

रिम बदलायची ठरली आणि कंपनीची नवी महाग वाटली तर लोक कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाऊसच्या बाजारात सेकंडहँड शोधतात. शोधा, पण पैसे देण्याआधी ती नुसती रिम मशीनवर फिरवून दाखवायला सांगा. जी चाकं तिथे येतात त्यांतली अनेक याच रस्त्यांवरून आलेली असतात. माप जुळवताना इंच आणि रुंदी पुरत नाही. नटांच्या वर्तुळाचा व्यास, ऑफसेट (हबवर टेकणारी बाजू रिमच्या मध्यरेषेपासून किती सरकलेली आहे ते) आणि मधल्या भोकाचा व्यास तिन्ही जुळले पाहिजेत. मधलं भोक मोठं असेल तर चाक हबवर नीट मध्यभागी बसत नाही आणि तुमची थरथर नव्या रूपात परत येते. नटही बघा. मारुती आणि होंडाच्या बऱ्याच गाड्यांचं नटांचं वर्तुळ ४ बाय १०० असं सारखंच असतं, पण मारुतीच्या नटाची बैठक शंकूसारखी आणि होंडाची गोळ्यासारखी, आटेही वेगळे. चुकीचा नट घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण कडेवरच टेकलेला असतो आणि दोन-तीनशे किलोमीटरमध्ये सैल होतो.

आणखी एक पर्याय विचारात घ्या. टायरच्या भिंतीची उंची काढायची सोपी रीत आहे: १९५ चे ५५ टक्के, म्हणजे १०७ मिलिमीटर. याच वर्गातल्या गाड्यांना येणाऱ्या १८५/६५ आर१५ ची भिंत १२० मिलिमीटर आणि १६५/८० आर१४ ची १३२. तिन्हींचा बाहेरचा व्यास ६२ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे स्पीडोमीटरला काही फरक नाही. खड्डा मात्र १०७ मिलिमीटरच्या भिंतीला लवकर चिरडतो. तुमच्याच मॉडेलच्या खालच्या व्हेरिअंटला कंपनी १५ इंची चाक देत असेल आणि ते ब्रेकवर बसत असेल, तर मुंबईच्या पावसाळ्यासाठी ते चाक अधिक शहाणपणाचं आहे. उलट दिशेने, म्हणजे १७ इंचावर जाऊ नका.

चाक उतरलेलं असतानाच सस्पेन्शन बघून घ्या. डावी आणि उजवी बाजू एकमेकींशी ताडून पाहणं हा सगळ्यात सोपा मार्ग. एक गोष्ट चाक उतरवण्याआधीच बघा: शॉकअपची नळी आणि टायरची आतली भिंत यांमध्ये किती बोटं जातात? उजवीकडे दोन आणि डावीकडे एक, तर स्ट्रट (शॉकअपचा खांब), नकल (हब धरून ठेवणारा भाग) किंवा लोअर आर्म वाकला आहे. लोअर आर्मच्या पत्र्यावर रंग तडकून ताजी चुणी पडली आहे का, त्याच्या बुशचं रबर फाटलं आहे का, शॉकअपवर तेलाचा ओघळ आहे का, ड्राइव्ह शाफ्टचं रबरी बूट फाटून ग्रीस उडालं आहे का, हेही बघा. मग चाक परत चढवून, जॅकवर असतानाच ते वर-खाली धरून हलवा: कडकड जाणवली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर टाय रॉड एंड (स्टीअरिंगपासून चाकाकडे येणाऱ्या दांड्याचं टोक). बेअरिंग मात्र कधीकधी उशिरा बोलतं. आदळल्याने आतल्या धावपट्टीवर गोळ्यांचे खळगे पडतात आणि हजारभर किलोमीटरनंतर घुंई असा आवाज सुरू होतो. चालत्या गाडीत हलकं उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकावर येतं. तेव्हा आवाज वाढला तर डावं बेअरिंग.

चाक बसवताना नट आधी हाताने, मग चांदणीच्या क्रमाने, गाडी खाली टेकवून टॉर्क पान्याने. बहुतेक लहान गाड्यांना ८५ ते १२० न्यूटन मीटरच्या दरम्यान टॉर्क लागतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. एअर गनने ताणून बसवलेले नट स्टडचे आटे खातात आणि पुढच्या पंक्चरला रस्त्यावर सुटत नाहीत. अलॉय बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरने नट पुन्हा तपासायचे.

आता अलाइनमेंट. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही छापील कागद मागून घ्या. तुमच्याकडे पहिल्या अलाइनमेंटचा कागद असेल तर तोही शोधा, त्यात उत्तर असू शकतं. बऱ्याच हॅचबॅकमध्ये पुढचा फक्त टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) फिरवता येतो, कॅम्बर (समोरून पाहता चाक कललेलं असण्याचा कोन) फिरवायची सोयच नसते. त्यामुळे डाव्या आणि उजव्या कॅम्बरमध्ये पाऊण अंशाहून जास्त फरक असेल तर भाग वाकलेला आहे असं धरून चाला. असा वाकलेला भाग तसाच ठेवून टो फिरवून स्टीअरिंग सरळ करून देता येतं, गाडी सरळही धावते, आणि पाच-सहा हजार किलोमीटरमध्ये टायर एका कडेने खाल्ला जातो. मागचं चाक आदळलं असतं तर प्रकरण आणखी अवघड: टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारी आडवी तुळई) असलेल्या गाड्यांत मागे काहीच फिरवता येत नाही, बीम वाकला तर बदलायचाच.

पुढच्या वेळेसाठी रस्त्यावरच्या दोन गोष्टी. पाण्याखालचा खड्डा शेवटच्या क्षणी दिसला तर ब्रेक खड्ड्याच्या आधी दाबा आणि चाक आत पडताना सोडा. ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक खाली गेलेलं असतं, पुढची स्प्रिंग आधीच दबलेली असते, आणि फिरायचं थांबलेलं चाक कडेवर चढण्याऐवजी तिला धडकतं. स्टीअरिंग सरळ धरा. तिरक्या चाकाचा मार टाय रॉडवर जातो. दुसरं, पावसाळ्यात गादीसारखं चालावं म्हणून हवा २५-२६ पीएसआयवर आणणारे भेटतात. हे नुकसानीचं आहे. रिमला रस्त्यापासून दूर ठेवते ती हवाच. ड्रायव्हरच्या दारात चिकटवलेला आकडा, लहान गाड्यांत बहुधा ३३ च्या आसपास, थंड टायरला ठेवा. पेव्हर ब्लॉक बसवलेले पट्टे, काँक्रीट आणि डांबर यांचा सांधा, रस्त्याच्या पातळीखाली गेलेली चेंबरची झाकणं या तीन ठिकाणी कडा उभ्या आणि टणक असतात. डांबराच्या गोलसर खड्ड्यापेक्षा चाकं इथे जास्त मोडतात. खड्ड्याची तक्रार महापालिकेच्या १९१६ क्रमांकावर, जागेची खूण सांगून नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. तो जिवाबद्दल आणि इजेबद्दल आहे, त्यामुळे चाकाच्या खर्चासाठी आज हातात राहतो तो विमा.

विम्यात फक्त टायर गेला तर साध्या पॉलिसीत काही मिळत नाही. टायरबरोबर गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरचे निम्मे पैसे मिळतात. रिमवर गाडीच्या वयाप्रमाणे घसारा कापतात, तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के. वर सक्तीची वजावट, १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये. हिशेबासाठी टायर ७,००० आणि रिम ९,००० धरा. हाती येतात ३,५०० अधिक ६,७५० उणे १,०००, म्हणजे ९,२५० रुपये. आता दुसरी बाजू. तीन वर्षं क्लेम नसल्याने तुमचा नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) ३५ टक्के असेल आणि पुढच्या वर्षी तो ४५ होणार आहे. क्लेम घेतला तर तो शून्य होतो आणि मग २०, २५, ३५, ४५ असा पुन्हा चढतो. पुढच्या पाच वर्षांतला फरक अनुक्रमे ४५, ३०, २५, १५ आणि ५ टक्के, बेरीज १२०. ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) प्रीमियम वर्षाला ८,००० धरला तर ९,६०० रुपये. गाडी जुनी होते तसा प्रीमियम थोडा उतरतो, तरी हिशेब जवळपास बरोबरीतच सुटतो. म्हणून एक टायर आणि एक रिम एवढंच असेल तर खिशातून भरा. लोअर आर्म, स्ट्रट, बेअरिंगही गेलं असेल, किंवा बोनस सांभाळणारं ॲड-ऑन असेल, तर क्लेम घ्या.

आणि क्लेमची थोडी जरी शक्यता असेल तर काम सुरू करण्याआधी विमा कंपनीला कळवा. चाक गाडीवर असताना, मागे नंबर प्लेट दिसेल असे फोटो काढा, टायरचा कोड आणि रिमच्या वाकलेल्या कडेचा जवळून वेगळा फोटो घ्या. सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत टायर उतरवू नका, आणि काढलेली वाकडी रिम क्लेमचे पैसे खात्यात जमा होईपर्यंत भंगारात देऊ नका.